खिंडीतलं पाणी कधी थांबतं

मुलांनो, बसल्या जागी एक गंमत करा. आपण पाण्यावर पालथे पडलो आहोत, असं समजा. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मोठा चष्मा लावलाय. तोंडात एका वाकड्या नळीचं टोक आहे, आणि तिचं दुसरं टोक डोक्यामागून वर हवेत आलंय. या नळीला स्नॉर्कल म्हणतात. आता श्वास घ्या. घाई नको. कान पाण्यात असल्यामुळे स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नाही, जणू शेजारी कुणी तरी मंद घोरतंय. खाली बघा. पांढरी वाळू, तिच्यावर हलणारी उन्हाची जाळी, मध्येच प्रवाळाचं एक झुडूप, आणि त्यातून शाळा सुटल्यासारखे बाहेर पडणारे निळे मासे.

जमलं? आता असंच तोंड खाली ठेवून दोन किलोमीटर जायचं आहे. किनाऱ्याच्या कडेकडेने, वाळूच्या एका पुळणीवरून निघून शेजारच्या पुळणीवर.

हे ऐकलं की बहुतेक मुलं "चला!" म्हणून चष्मा शोधायला धावतात. आमच्या गोष्टीतली मुलगीही धावली होती. तिच्या आत्याने तिला मागून फ्रॉकला धरलं आणि म्हणाली, "बस इथे. आधी कागद, मग पाणी."

ही मुलगी अकरा वर्षांची. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, पण घरात आणि गल्लीत तिला सगळे टिटवी म्हणत, कारण तिचा आवाज तसाच होता आणि तो सहसा बंद नसे. सुट्टीत ती आत्याकडे राहायला यायची. आत्या गावच्या तरण तलावावर पोहणं शिकवत असे, तेही मोठ्या माणसांना. पाण्याला घाबरता घाबरता ज्यांचं वय झालं, अशी माणसं तिच्याकडे येत आणि वर्षभरात माशासारखी नाही तरी बदकासारखी पोहू लागत. यंदा तिच्या वर्गात सहा जण तयार झाले होते. त्यांना बक्षीस म्हणून आत्याने हा बेत काढला होता. अलीकडच्या पुळणीवरून पलीकडच्या पुळणीपर्यंत, शनिवारी सकाळी, सहा शिष्य आणि ती.

तलावाच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती. तिथे ओल्या टॉवेलांचा आणि क्लोरीनचा वास कायम असे. खोलीतल्या लांब टेबलावर आत्याने न्हाणीघराचा एक जुना प्लास्टिकचा पडदा उलटा पसरला होता आणि त्यावर जाड पेनाने सगळा किनारा काढला होता. कागद भिजतो, पडदा भिजत नाही.

आत्याची आखायची रीत उलटी होती. ती शेवटापासून सुरुवात करायची.

"पलीकडच्या पुळणीवर चहाचा थर्मास घेऊन कोण उभं राहणार, हे पहिलं ठरवायचं," ती टिटवीला म्हणाली. "मग त्याच्या आधी कुठून यायचं ते. मग त्याच्या आधी. अशा मागे मागे आलं की मधलं काही सुटत नाही."

"आणि सुरुवात?"

"सुरुवात आपोआप कळते. कुठे आणि किती वाजता उतरायचं, ते सगळ्यात शेवटी."

असं मागे मागे येताना वाटेत बाहेर पडायच्या तीन जागा सापडल्या. वाळूचा एक लहानसा कोपरा, जुन्या धक्क्याच्या पायऱ्या आणि पाण्यावर आडवं वाढलेलं एक झाड. प्रत्येक जागी आत्याने हिरवा ठिपका दिला. कुणी दमलं, कुणाच्या पायात गोळा आला, कुणाच्या चष्म्यात पाणी गेलं, तर जवळच्या ठिपक्याकडे वळायचं. पण दोन्ही पुळणींच्या मध्ये जमिनीचं एक खडकाळ नाक पुढे आलं होतं आणि त्या नाकासमोर एक बोडका खडक उभा होता. या दोघांच्या मधल्या अरुंद पाण्याला सगळे खिंड म्हणत. खिंडीजवळ हिरवा ठिपका नव्हता. तिथे आत्याने तांबडं वर्तुळ काढलं.

"इथे पाणी नदीसारखं वाहतं," ती म्हणाली. "भरतीत एका बाजूला, ओहोटीत दुसऱ्या बाजूला. भरतीच्या वेळी ते माणसाला पानासारखं उचलून बाहेर मोठ्या समुद्राकडे नेतं. पण भरती संपून ओहोटी लागायच्या मध्ये ते थोडा वेळ स्वस्थ बसतं. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. तेवढ्यात आपण खिंडीतून पार व्हायचं. ती वेळ कळली की सगळं कळलं."

"भरतीची वेळ तक्त्यात छापलेली असते की!"

"ती किनाऱ्यावरची. खिंड तक्ता वाचत नाही. तिथली वेळ तिथेच जाऊन मोजावी लागते. आणि ती मोजणार तू."

टिटवी खुर्चीवरून पडायची बाकी राहिली.

मोजायची युक्ती साधी होती. नाकाच्या टोकावर, कठडा घातलेल्या सज्ज्यावरून पाण्यात एक संत्रं टाकायचं. खिंडीच्या एका तोंडाशी पांढरा रंग दिलेली लोखंडी सळई होती आणि दुसऱ्या तोंडाशी वाकडा दगड. सळईपासून दगडापर्यंत जायला संत्र्याला किती सेकंद लागले, ते घड्याळात बघायचं आणि वहीत लिहायचं. दर वीस मिनिटांनी एक संत्रं. सेकंद वाढत गेले की समजायचं, पाणी दमत चाललंय.

"चेंडू का नाही?" टिटवीने विचारलं.

"चेंडू पाण्यावर बसतो, त्याला वारा ढकलतो. मग तू वारा मोजशील. संत्रं जवळजवळ सगळं पाण्यात बुडून तरंगतं. ते फक्त पाण्याचं ऐकतं. हलक्या वस्तूवर कधी भरवसा ठेवू नये."

बुधवारी समुद्र इतका खवळला होता की मोजता आलं नाही. म्हणून सगळी भिस्त गुरुवारवर आली. गुरुवारी तक्त्याप्रमाणे भरती नऊ वाजून दहा मिनिटांनी पुरी होणार होती. आत्याने आपलं मनगटी घड्याळ टिटवीच्या हातात बांधलं, पट्ट्याला एक जास्तीचं भोक पाडलं, आठ संत्री पिशवीत भरून दिली आणि सोबतीला आपल्या मुलाला पाठवलं. तो सतरा वर्षांचा, टिटवीचा दादा.

"कठड्याच्या आत राहायचं," आत्या त्याला म्हणाली. "आणि तिच्यावर लक्ष ठेव."

"ठेवतो ना," दादा म्हणाला. सज्ज्यावर पोचताच तो बाकावर आडवा झाला, टोपी तोंडावर घेतली आणि म्हणाला, "टिटवीबाई, समुद्र चोरीला गेला तर उठवा."

साडेसातला पहिलं संत्रं पाण्यात पडलं. वीस सेकंद. सात पन्नासला बावीस. मग पंचवीस, मग सत्तावीस. आठ पन्नासला पाचवं संत्रं तेहेतीस सेकंदांत वाकड्या दगडापाशी पोचलं. टिटवीने प्रत्येक आकडा सुवाच्य लिहिला आणि खाली रेघ मारली. तोवर कामात तिचा एवढा जीव होता, की सकाळी उत्साहाच्या भरात आपण न खाताच निघालो, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

ते आता आलं. पोटात कावळे ओरडायला लागले. पिशवीत तीन संत्री उरली होती, आणि उन्हाने त्यांचा वास बाहेर येत होता.

एक खाल्लं तर दोन उरतात, असा तिने हिशेब केला. नऊ दहाला एक टाकू, नऊ पन्नासला एक, मधलं अंदाजे लिहू. एक खाल्लं. ते इतकं गोड निघालं, की दुसरं कसं सोललं गेलं ते तिला कळलंच नाही. आणि दोन गेल्यावर तिसरं कशासाठी ठेवायचं? एका संत्र्याने काय मोजणार?

नऊ वाजून दहा झाले, तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत चिकट झाले होते. सालींचा ढीग मांडीवर होता. तिने तो कठड्यावरून पाण्यात झटकला.

साली पाण्यावर पडल्या आणि चालू लागल्या. एकामागून एक, सळईकडून दगडाकडे, बाहेरच्या मोठ्या समुद्राच्या दिशेने, चांगल्या लगबगीने.

टिटवीने त्या पाहिल्या. नीट पाहिल्या. आणि ती स्वतःशीच म्हणाली, 'साली हलक्या असतात. हा वारा आहे. आत्याच म्हणाली, हलक्या वस्तूवर भरवसा ठेवू नये.'

मग तिने वहीत लिहिलं, नऊ दहा : पाणी थांबलं. नऊ तीस : उलटं, नव्वद सेकंद. नऊ पन्नास : उलटं, साठ सेकंद. अक्षर आधीपेक्षाही चांगलं आलं होतं.

दादा उठला तेव्हा दहा वाजले होते. "समुद्र आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे," टिटवी म्हणाली. एवढंच म्हणाली. ते दादाला जरा चमत्कारिक वाटायला हवं होतं, पण तो अजून जांभया देत होता.

शुक्रवारी सकाळी वरच्या खोलीत सगळे जमले. आत्या, सहा शिष्य, दादा, टिटवी आणि भरतीआजोबा. भरतीआजोबा म्हणजे गावातले जुने होडीवाले. चाळीस वर्षं त्यांनी या किनाऱ्यावर वल्हं मारलं होतं. तक्ता न बघता ते भरतीची वेळ सांगत, म्हणून मुलांनी त्यांना ते नाव दिलं होतं. शनिवारी पोहणाऱ्यांच्या मागे आपली होडी घेऊन तेच राहणार होते.

शिष्यांत एक बेकरीवाले होते. बावन्नाव्या वर्षी पोहायला शिकलेले. ते म्हणाले, "मॅडम, माझी काळजी नको. मी लोण्याचा गोळा, बुडायचं म्हटलं तरी बुडत नाही."

"वितळू नका म्हणजे झालं," टपाल वाटणाऱ्या बाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

आत्याने पडद्यावर बोट ठेवलं. "शनिवारी तक्त्याप्रमाणे भरती दहा पन्नासला पुरी. आमच्या टिटवीने मोजलंय, खिंडीतलं पाणीही त्याच वेळी थांबतं. आपल्याला खिंडीपर्यंत यायला एक तास लागेल. म्हणजे उतरायचं नऊ पन्नासला."

"नाही हो," भरतीआजोबा म्हणाले.

"काय नाही?"

"खिंडीचं पाणी किनाऱ्याबरोबर थांबत नाही. किनाऱ्याचं पोट भरलं तरी ते पुढे अर्धा-पाऊण तास धावतं. साडेअकराच्या आत खिंडीत शिरू नका."

आत्याने वही उघडली. कपाळाला आठी घातली. "तेहेतीस सेकंदांवरून एकदम थांबलं, टिटवे?"

आता सांगायचं होतं. आत्ताच. पण खोलीत दहा माणसं होती, आणि सगळी तिच्याकडे कौतुकाने बघत होती.

"हो," टिटवी म्हणाली. "एकदम."

"खिंड अरुंद आहे, होत असेल तसं," आत्या म्हणाली. मग तिने आवाज मऊ केला. "आजोबा, हे बघा, घड्याळ लावून मोजलंय. मिनिटामिनिटाचं लिहिलेलं आहे."

भरतीआजोबांनी वही हातात घेतली. लांब धरली, जवळ धरली. "मोजलंय खरं," ते पुटपुटले. "मग पाऊण तास कुठला माझ्या डोक्यात बसला?"

"आजोबा, पाऊण तास तुमच्या घड्याळातच मागे राहिला असेल," बेकरीवाले म्हणाले. मनात वाईट काही नव्हतं. सगळे पुन्हा हसले. टिटवीही हसली. थोडीशीच, पण हसली.

आजोबा हसले नाहीत. त्यांनी वही मिटून टेबलावर ठेवली आणि गळ्यातली शिट्टी काढून तिच्यावर ठेवली.

"होडी घेऊन जा," ते आत्याला म्हणाले. "वल्ह्यावर मात्र दुसऱ्या कुणाला बसवा. ज्याला पाण्याची वेळ आठवत नाही, त्याच्या भरवशावर सात माणसं कशी सोडायची?"

"अहो, एवढं काय त्यात!" आत्या म्हणाली. पण आजोबा तोवर जिन्यापाशी पोचले होते.

दुपारी टिटवीने जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. आत्याने कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही. मग तोंडाला कुलूप का? उद्याची धास्ती वाटते होय? वेडी. उलट तुझ्यामुळे तर मी निर्धास्त आहे. तुझी वही आहे म्हणून सात माणसं पाण्यात उतरणार."

"आत्या, आपण जरा उशिरा निघू या?" टिटवीने विचारलं.

"किती उशिरा?"

"पाऊण तास?"

"का ग?"

यावर तिच्याकडे जे उत्तर होतं ते एकच होतं, आणि ते तिच्या जिभेवर येऊन परत गेलं. "सहज," ती म्हणाली.

मग तिने वेगवेगळे उपाय योजले. उद्या वादळ यावं. तिने खिडकीतून आकाश पाहिलं, पण ते धुतल्यासारखं निळं होतं. आत्याला सर्दी व्हावी. आत्याला सर्दी होतच नसे. शेवटी एक उपाय तिला बरा वाटला. भरतीआजोबांकडे जायचं आणि तुमचंच बरोबर आहे, असं सांगायचं. मग ते आत्याला पटवतील आणि आपल्याला बाकीचं काही सांगावं लागणार नाही.

आजोबांचं घर पुळणीच्या वरच्या अंगाला होतं. दारासमोर होडी उपडी घातली होती आणि आजोबा तिची वल्ही जुन्या चादरीत गुंडाळत होते, जसं एखादं सामान कायमचं माळ्यावर टाकायच्या आधी गुंडाळतात.

"आजोबा," टिटवी म्हणाली, "मला वाटतं तुमचंच बरोबर आहे."

"तुला वाटतं?" ते वळून बघेनात. "आणि वहीत काय आहे?"

"वहीत... वहीतलं चुकलंही असेल."

"पोरी, माझी कीव करायला आलीस होय? नको. पाणी पी आणि घरी जा. माठ आत आहे."

ती स्वयंपाकघरात गेली. आजोबांची सून ओट्यापाशी कपबशा पुसत होती. कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. वर आजोबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'विसरलो'. खाली ओळी होत्या. किल्ली दारालाच राहिली. दूध उतू जाऊन गॅस चालू. दवाखान्याचा दिवस. टपालवाल्या बाईंना त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. आणि सगळ्यात खाली, बाकीच्यांपेक्षा गडद शाईत, पाचवी ओळ. खिंड.

"हे काय आहे?" टिटवीने विचारलं.

"डॉक्टरांनी लिहून ठेवायला सांगितलंय," सून हळू आवाजात म्हणाली. "विसरणं वाढतंय का ते कळावं म्हणून. बाबांनी आपणहून शब्द दिला होता, महिन्यात पाच झाल्या की होडी बंद. चारवर थांबले होते बघ. महिना संपायला तीन दिवस होते. आज घरी आले, पाचवी लिहिली आणि वल्ही काढायला बसले." तिने फडकं डोळ्यांना लावलं. "जाऊ दे. तू पाणी घे."

टिटवीने पाणी घेतलं नाही. त्या पाचव्या ओळीवरून तिची नजर हलेना. बाकीच्या चार ओळी आजोबांच्या होत्या. पाचवी तिची होती, फक्त लिहिली त्यांनी होती.

ती बाहेर आली आणि होडीच्या पलीकडे जाऊन आजोबांच्या समोर उभी राहिली, म्हणजे त्यांना बघावंच लागेल.

"तुम्ही विसरला नाहीत," ती म्हणाली. "मी मोजलंच नाही. पाच संत्र्यांपर्यंत मोजलं. मग मला भूक लागली आणि उरलेली तीन मी खाल्ली. वहीत शेवटचं सगळं मनाने लिहिलंय."

आजोबांचे हात चादरीवर थांबले. टिटवीला वाटलं, आता ते डोक्यावरून हात फिरवतील, जसं मोठी माणसं खरं बोलल्यावर फिरवतात. त्यांनी फिरवला नाही.

"म्हणजे पाणी थांबलेलं तू पाहिलं नाहीस."

"नाही. पण साली टाकल्या होत्या. त्या वाहत होत्या."

"कुठे?"

"मोठ्या समुद्राकडे."

"किती वाजता?"

"नऊ वाजून दहा मिनिटांनी. मी म्हटलं, वाऱ्याने जात असतील."

"गुरुवारी वारा किनाऱ्याकडे होता," आजोबा म्हणाले. "समोरून. साली वाऱ्याच्या तोंडावर कशा जातील?"

हे टिटवीला तेव्हाही कळलं असतं. सज्ज्यावर बसली होती तेव्हा तिचे केस सारखे मागे उडत होते, आणि चिकट हातांनी तिला ते सावरता येत नव्हते. तिने मान खाली घातली.

आजोबा होडीच्या कडेवर टेकले. "दुपारपासून बसलोय," ते म्हणाले, तिला नाही, वल्ह्यांना सांगत असल्यासारखं. "स्वतःला विचारतोय, किल्ली गेली, गॅस गेला, ठीक आहे. पण खिंड? खिंड कशी जाईल? आणि ती जर गेली, तर मग उद्या काय जाईल? घरच्यांचे चेहरे?" मग त्यांनी वर पाहिलं. "सगळे हसले, तेव्हा तू हसलीस का?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. आजोबा त्या वेळी वहीकडे बघत होते.

"थोडीशी," टिटवी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"हं."

"आजोबा, तुम्ही सांगा ना आत्याला. तुमचं ती ऐकेल."

"मी सांगितलं होतं. आज सकाळी, सगळ्यांसमोर."

"मग माझ्याबरोबर चला तरी. नुसते उभे राहा."

आजोबांनी थोडा विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता, पण आवाज आता सकाळच्यापेक्षा सरळ होता. "नाही येत. मी शेजारी असलो की तुला रडू येईल. तू रडलीस की सगळे तुलाच समजावत बसतील, पाणी पाजतील, आणि खिंडीचं राहूनच जाईल. तोंड धू आणि जा. आणि हे बघ, एकट्या आत्याच्या कानात सांगू नकोस. मला जिथे गप्प बसवलं, तिथे सांग."

तिने नळावर तोंड धुतलं आणि निघाली.

तलाव काही लांब नव्हता. दहा मिनिटांची वाट. टिटवीला ती पंचवीस मिनिटं लागली. वाटेत तिने तीनदा ठरवलं, की आत्याला बाजूला बोलावून सांगावं. एकदा तर चिठ्ठी लिहून वहीत ठेवायचंही ठरवलं. प्रत्येक वेळी तिला ती गडद शाईतली ओळ दिसायची आणि ठरवलेलं फिसकटायचं.

जिन्याच्या पायथ्याशी दादा पोहताना पायात घालायचे रबरी पंख धुऊन ओळीने वाळत घालत होता. "काय ग, तोंड उतरलंय? कुणी चोरलं?"

"वर सगळे आहेत का?" टिटवीने विचारलं.

"सगळे. चष्मे बसवून बघतायत. बेकरीवाल्यांच्या मिशीमुळे चष्मा गळतोय, ते मिशी काढायला तयार नाहीत. जा, गंमत बघ."

ती वर गेली. खोलीत खरंच गंमत चालली होती. सातही जण चष्मे लावून बसले होते आणि बोलताना सगळ्यांचा आवाज नाकात येत होता. टेबलावर पडदा तसाच पसरलेला होता. त्याच्या कोपऱ्यात आत्याने आता मोठ्या अक्षरात वेळ लिहिली होती, नऊ पन्नास.

"आली बघा आमची मोजणीदार!" आत्याने चष्मा कपाळावर सरकवला. "ये. यांना जरा धीर दे. बाई अजून घाबरतायत. सांग बरं त्यांना, किती वाजता थांबलं पाणी?"

टिटवी टेबलापर्यंत चालत गेली. दार तिच्या मागे उघडंच होतं.

"मला माहीत नाही, आत्या," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा निघाला नाही, म्हणून ती पुन्हा म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने. "नऊ दहाला मी पाणी मोजत नव्हते. संत्री खात होते."

बेकरीवाल्यांना वाटलं, पोर काही तरी विनोद करते आहे. ते खो खो हसले. ते हसले म्हणून टपालवाल्या बाई हसल्या आणि मग बाकीचेही. हसून निसटायला आता तिला आयतं दार मिळालं होतं. तीही हसली असती, तर गोष्ट तिथेच गमतीवारी गेली असती.

टिटवी हसली नाही. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ती उभी राहिली आणि हसणं संपायची वाट बघत राहिली. आधी आत्याचं थांबलं. मग बाईंचं. सगळ्यात शेवटी बेकरीवाल्यांचं. त्यांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"आजोबा बरोबर होते," टिटवी म्हणाली. मग पहिल्या संत्र्यापासून तिने सगळं सांगायला सुरुवात केली.